लासूरकर सर आणि करडा आलेख

नाव: डॉ. श्रीरंग सदाशिव लासूरकर. हुद्दा: सहयोगी प्राध्यापक व विभागप्रमुख, समाजशास्त्र, मान्यताप्राप्त संशोधन मार्गदर्शक. राहणार: ज्योतीनगर, छत्रपती संभाजीनगर. सदर गृहस्थ मराठवाड्यातील बहुधा पहिल्या कागदमुक्त विभागाचे प्रवर्तक असून संशोधकांची सर्व प्रकरणे टॅबवरच स्वीकारणे, टॅबवरच तपासणे व टॅबवरच परत करणे ही पद्धत त्यांनी अमलात आणली. वाचन: अखंड. विद्यार्थ्यांशी संबंध: पितृवत. प्रकृती: उत्तम. तक्रार: नाही.

महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेतला हा मजकूर लासूरकर सरांनी स्वतःच लिहिला होता. त्यातला ‘बहुधा’ हा शब्द सोडला, तर बाकी सगळं त्यांनी ठाम लिहिलं होतं.

कागदमुक्तीची गोष्ट वाळवीपासून सुरू झाली. विभागातल्या लाकडी कपाटात जुने प्रबंध होते. तपासणी समिती यायच्या आठवड्यात कपाट उघडलं, तर दोन प्रबंधांच्या आतलं सगळं खाल्लेलं आणि पुठ्ठे तेवढे शाबूत. सर हुशार माणूस. त्यांनी वाळवीचा उल्लेख न करता ‘कागदविरहित संशोधन व्यवहार’ असा प्रस्ताव केला, तो मंजूर झाला, टॅब आले, आणि एका स्थानिक पुरवणीत सरांचा फोटो छापून आला. फोटोत त्यांच्या हातातल्या टॅबचा पडदा काळा आहे. तो चालू करायचं तेव्हा कुणाला सुचलं नव्हतं.

पहिलं वर्ष उत्साहात गेलं. दुसऱ्या वर्षी सरांचे डोळे बोलायला लागले. टॅबवर बातम्या वाचताना काही होत नसे, नातेवाइकांच्या लग्नाचे फोटो बघताना तर मुळीच नाही. पण प्रबंधाचं प्रकरण उघडलं, की अर्ध्या तासात डोळ्यांत कुणी बारीक वाळू टाकल्यासारखं व्हायचं. प्रबंध हा सरळ वाचत जायचा प्रकार नाही. वर मजकूर, खाली तळटीप, तळटिपेसाठी मागचं प्रकरण, तिथून संदर्भसूची, तिथून परत तक्त्यावर. डोळा नुसता वरखाली पळतो आणि समोर पडदा ट्यूबलाइटसारखा पेटलेला. त्यात सरांचा चष्मा दोन नंबरांचा. खालच्या काचेतून दिसावं म्हणून हनुवटी वर करून वाचावं लागे. तसं वाचताना ते फार विचारमग्न दिसत. प्रत्यक्षात त्यांचं डोकं भुवयांच्या मागून दुखत असे.

डोळ्यांत टाकायच्या थेंबांची बाटली त्यांनी टेबलाच्या खणात ठेवली. कुणी विचारलं तर ॲलर्जी म्हणायचं, शेंद्र्याच्या कारखान्यांकडची हवा अलीकडं बिघडलीय म्हणायचं.

शेवटी ते उस्मानपुऱ्यात डॉक्टर अभयकडं गेले. अभय त्यांचा शाळेतला वर्गमित्र, त्यामुळं फी नाही आणि आदरही नाही. त्यानं डोळे तपासले, म्हणाला, डोळ्यांना रोग नाही. “तू पडद्याकडं बघताना पापण्या मिटायलाच विसरतोस, श्रीरंग्या. डोळा कोरडा पडतो. उजेड कमी ठेव, मधूनमधून खिडकीबाहेर बघ, जवळचं वाचायला वेगळा चष्मा कर. आणि एवढं जाडजूड वाचायचं तर सरळ कागदावर काढून घे.”

“कागदावर नाही चालत.”

“का?”

“बंदी आहे.”

“कोणी घातली?”

सर भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बघायला लागले. अभयला उत्तर कळलं आणि तो इतका हसला, की बाहेर बसलेल्या पेशंटांनी दाराकडं बघितलं. मग त्यानं ई-रीडरचं नाव काढलं. त्याचा पडदा टॅबसारखा डोळ्यांवर उजेड फेकत नाही, बाहेरच्या उजेडात कागदासारखा दिसतो. सगळ्यांनाच फरक पडतो असं छातीठोक सांगता येत नाही, तो म्हणाला, पण वापरून बघ.

सरांची मुलगी मनस्विनी पुण्याला नोकरीला. तिनं आपला जुना ई-रीडर पाठवून दिला. पहिल्या रविवारी सर तो घेऊन बाल्कनीत बसले. भर उन्हात टॅबवर त्यांना आजवर स्वतःचा चेहराच दिसत आला होता, इथं अक्षरं दिसली. दुपारच्या जेवणाला पत्नीला, दमयंतीबाईंना, दोनदा हाक मारावी लागली. डोळ्यांत वाळू नव्हती.

उणिवा होत्या. प्रबंधाचं मोठं पान त्या छोट्या पडद्यावर आक्रसून अक्षरं मुंगीएवढी होत. म्हणून सर यंत्र आडवं धरून अर्धं अर्धं पान वाचत. तळटीप एका पडद्यावर, तिचा आकडा मागच्या पडद्यावर. अक्षर मोठं करायला फाइल बदलून बघितली, तर जोडाक्षरांचे तुकडे होऊन ती ओळभर विखुरली. पान उलटताना यंत्र क्षणभर थबकायचं, जणू उलटावं की नाही याचा विचार करतंय. शिवाय सगळं काळंपांढरं. त्याचं सरांना काहीच वाटलं नाही. काळ्यापांढऱ्यानं समाजशास्त्राचं आजवर काही अडलं नव्हतं.

मग पद्धत ठरून गेली. घरी बाल्कनीत ई-रीडरवर वाचायचं, आणि कॉलेजात आल्यावर टॅब उघडून, जणू इथंच वाचलं, अशा थाटात त्यावर शेरे मारायचे. ई-रीडर कॉलेजात कधीच न्यायचा नाही.

एवढ्यावर राहिलं असतं तर ते हसण्यावारी गेलं असतं. पण मधे मोनिका आली.

मोनिका बद्रीनाथ दहीहंडे ही करमाडची. घरी शेती, भाऊ शेंद्र्याच्या कंपनीत. रोज जालना रोडनं एसटीनं यायची. औद्योगिक वसाहत आल्यावर करमाडच्या आसपास बायकांच्या आणि पुरुषांच्या मजुरीचं काय झालं, हा तिचा विषय. ती बांधाबांधावर जाऊन मजुरीचे आकडे गोळा करी आणि त्यांच्याशी पुस्तकातलं एखादं वाक्य जुळलं नाही, तर पुस्तकावर शंका घेई. सरांना ती आवडायची. पितृवत म्हणतात ते काही अगदीच खोटं नव्हतं.

उन्हाळ्यातल्या विभागाच्या बैठकीत ती उभी राहिली. म्हणाली, सर, टॅबवर लांबलचक वाचताना डोळे लई चुरचुरतात, पाणी येतं, वाचलेलं डोक्यात राहत नाही. बाकीच्यांनाही तसंच होतं, पण बोलत नाय कुणी. एक तर प्रकरणं छापून द्यायची मुभा द्या, नाहीतर पुढच्या अनुदानात ई-रीडर बसतात का बघा. माझ्या मावसभावाकडं आहे, बरं पडतं ते.

सरांच्या शर्टाच्या खिशात त्या वेळी थेंबांची बाटली होती. ई-रीडर घरी येऊन दोनेक महिने झाले होते. ‘मलाही होतं’ एवढंच म्हणायचं होतं. पण समोर सगळा विभाग बसलेला, भिंतीवर तो फ्रेम केलेला फोटो, आणि सुदर्शन घोगरे नावाचे सहकारी आधीच गालात हसत होते. घोगरे कागदमुक्तीच्या विरोधात होते आणि अजूनही घरी पेन्सिल घेऊन वाचतात अशी वदंता होती. सर म्हणाले,

“मोनिकाबाई, करमाडहून रोज उन्हातान्हात येता, तेव्हा डोळे दुखत नाहीत. अभ्यास समोर आला की बरे दुखतात.”

हशा पिकला. मोनिकाही हसली आणि खाली बसली. ती हसली म्हणून सरांनी प्रश्न मिटला असं धरलं. घरी येऊन त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले आणि बाल्कनीत बसून तिचंच प्रकरण वाचायला घेतलं. तेव्हा त्यांना थोडी लाज वाटली. थोडीच, कारण प्रकरण चांगलं होतं आणि ते त्यात रमून गेले.

मोनिकाचा अंतिम प्रगती सेमिनार पावसाळ्याच्या तोंडावर लागला. तिच्या नोंदणीची मुदत ऑगस्टला संपत होती. सेमिनार मान्य झाला, तर शेवटची दोन प्रकरणं लिहायला वर्षाची वाढ मिळणार होती. नाही झाला, तर पुढचा सेमिनार थेट डिसेंबरात, म्हणजे तोवर नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांचं काम मातीत. हे मोनिकाला ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं, आणि तिच्या वडिलांना, बद्रीनाथरावांनाही ठाऊक होतं. ते नव्या पांढऱ्या टोपीत शेवटच्या रांगेत येऊन बसले होते.

आमच्याकडं सेमिनारचा एक रिवाज आहे. गाईडनं आपल्याच विद्यार्थ्याची एक किरकोळ चूक भर सभेत आपणहून काढायची. म्हणजे गाईड कडक आहे असं दिसतं, आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला मोठी चूक काढायला संकोच वाटतो. कुठली चूक काढायची, हे गाईड आदल्या दिवशी ठरवून ठेवतो. लासूरकर सरांनीही ठरवून ठेवली होती. आदल्या दिवशी बाल्कनीत वाचताना मजुरीचा आलेख त्यांना खटकला होता.

मोनिका छान बोलली. बोलणं संपवून तिनं शेवटी तो आलेखच पडद्यावर ठेवला. सर उठले, श्रोत्यांकडं तोंड करून उभे राहिले. प्रोजेक्टरच्या झगझगीत पडद्याकडं ते होता होईतो बघत नसत.

“काम चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. हा आलेख. दोन रेषा आहेत, आणि दोन्ही एकसारख्या करड्या. बाईची कुठली, पुरुषाची कुठली, वाचकानं ओळखायचं कसं? ज्या प्रबंधाचा विषयच बाई-पुरुषाच्या मजुरीतला फरक आहे, त्या प्रबंधात तो फरकच दिसू नये?”

वाक्य त्यांना चांगलं जमलं होतं. त्यावर हलकीशी कुजबुज होईल असा त्यांचा अंदाज होता. पण तसं काही झालं नाही. सगळे त्यांच्या डोक्यावरून मागं बघत होते. सरांनी वळून बघितलं. पडद्यावर दोन जाड रेषा होत्या. एक लालभडक, दुसरी गडद हिरवी. बाजूला दोन चौकोन, लालासमोर ‘स्त्रिया’, हिरव्यासमोर ‘पुरुष’. शेवटच्या रांगेतून बद्रीनाथरावांनाही वाचता यावं इतक्या मोठ्या अक्षरात.

घोगरेंनी खुर्चीत थोडं पुढं सरकून सरांच्या तोंडाकडं बघितलं.

मोनिका बोलली. म्हणाली, “सरांचं बरोबर आहे. मी सरांना दिलेल्या फाइलीत रेषा एकाच रंगाच्या होत्या. नंतर माझ्या लक्षात आलं, मी बदलल्या. सरांना सांगायचं राहिलं.”

हे साफ खोटं होतं. सरांना ते लगेच कळलं. ते खोटं कुणासाठी बोललं गेलं, तेही कळलं. आणि, कबूल करायचं तर, त्यांना सुटल्यासारखंही वाटलं.

नांदेडहून आलेले तज्ज्ञ सज्जन होते आणि नियमाचे पक्के होते. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, म्हणजे गाईडनं मान्य केलेली प्रत वेगळी आणि इथं सादर केलेली वेगळी? मोनिका व्हय म्हणाली. मग अडचण आहे, तज्ज्ञ म्हणाले. सादर झालेली प्रत मान्य प्रतच हवी. समितीच्या अध्यक्षा सत्यभामा जोगदंड मॅडमनी नियमाचं पान काढलं, आणि नियम तसाच होता. काम उत्तम आहे, त्या म्हणाल्या, पण शेरा ‘पुनर्सादरीकरण’ असा द्यावा लागेल. आठवड्यानं अहवालावर सह्या होतील.

सगळ्यांनी सरांकडं बघितलं. त्यांना म्हणायचं होतं, प्रत तीच आहे, मीच ती दुसऱ्या यंत्रावर वाचली. त्यांनी तोंड उघडलं. एवढ्यात चहा आला, कुणीतरी समोशांची ताटली पुढं केली, आणि सरांनी समोसा घेतला.

तो समोसा त्यांना नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिला. मोनिकाच्या कामाचं वाटोळं होत असताना आपण चटणी मागितली होती, हेही आठवलं.

जिन्यात त्यांनी तिला गाठलं. बद्रीनाथराव खाली फाटकाशी थांबले होते.

“तू तसं कशाला सांगितलंस?” सर म्हणाले.

“मग काय सांगू सर? सर घरी लपून दुसऱ्या यंत्रावर वाचतात म्हणू?”

“तुला कधीपासून माहीत?”

“तिसऱ्या प्रकरणापासून. तुम्ही लिहिलं होतं, करड्या पट्ट्यांचा अर्थ लागत नाय म्हणून. माझ्या पट्ट्या निळ्या न् केशरी होत्या. मावसभावाच्या यंत्रात सगळं करडंच दिसतं.”

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

“मला वाटलं,” ती म्हणाली, “सरांनाच त्रास होतोय म्हणल्यावर आज ना उद्या आम्हाला कागद वापरू देतील. मी वाट बघत होते.”

मग ती खाली उतरून गेली. बद्रीनाथरावांनी वर बघून सरांना हात जोडले. त्यांना अजून काही सांगितलेलं नव्हतं. सरांनीही हात जोडले.

घरी सरांनी दमयंतीबाईंना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे उन्हाळ्यातल्या बैठकीतलं वाक्य धरून. ते वाक्य त्यांनी त्या दिवशी गंमत म्हणून घरी सांगितलं नव्हतं, यावरूनच बाईंना काय ते उमगलं. त्या मेथी निवडत होत्या. शेवटची काडी निवडून झाल्यावर त्यांनी वर बघितलं.

“मग उद्या सांगणार का परवा?” त्यांनी विचारलं.

सरांनी उद्याही सांगितलं नाही आणि परवाही नाही. ते अर्ज लिहीत बसले. पहिल्या मसुद्यात ‘वाचनमाध्यमातील तांत्रिक भिन्नतेमुळे रंगसंगतीविषयी उद्भवलेला अनवधानजन्य गैरसमज’ असं होतं. दुसऱ्यात ‘अनवधानजन्य’ काढलं. तिसऱ्यात परत घातलं. या माणसानं आयुष्यभर विद्यार्थ्यांना साधं लिहा म्हणून सांगितलं होतं, आणि आता त्याला ‘मी’ हा शब्द अर्जात कुठं बसवावा ते सुचत नव्हतं. रोज कॉलेजात मोनिका समोरून जायची, नमस्कार सर म्हणायची, आणि सर टॅबवर काहीतरी वाचत असल्यासारखं करायचे. डोळे चुरचुरायचे. या वेळी खणातली बाटली त्यांनी काढली नाही. तेवढा त्रास आपल्याला व्हावाच, असं काहीतरी पोरकट त्यांच्या मनात होतं, आणि त्याचा मोनिकाला काडीचा उपयोग नव्हता.

सह्यांच्या दिवशी त्यांनी तिसरा मसुदा जोगदंड मॅडमसमोर ठेवला. नांदेडचे तज्ज्ञ फोनवर होते, समितीचे सदस्य म्हणून घोगरे समोर. मॅडमनी तो दोनदा वाचला.

“सर, वाचनमाध्यमातील तांत्रिक भिन्नता म्हणजे काय?”

“म्हणजे…” सर म्हणाले. मग त्यांनी टेबलाकडं बघत सांगितलं. “टॅबवर मला वाचता येत नाही. डोळे जळतात. वर्ष होत आलं. मी घरी ई-रीडरवर वाचतो, त्यात रंग दिसत नाहीत. तिची प्रत पहिल्यापासून तीच आहे, लाल-हिरवी. तिनं बदललेली नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी बोलू दिलं.”

मग घोगरेंनी, आवाज अजिबात न चढवता, विचारलं, “सर, उन्हातान्हात येता तेव्हा दुखत नाहीत ना?”

मॅडमनी घोगरेंकडं रागानं बघितलं. सरांना मात्र ते बरोबर वाटलं. ते नाही म्हणाले, उन्हात दुखत नाहीत.

फोनवरच्या तज्ज्ञांनी फाइलीच्या तारखा तपासून घ्यायला सांगितल्या. तारखा जुळल्या. शेरा खोडला गेला, मोनिकाला वर्षाची वाढ मिळाली. त्याच बैठकीत घोगरेंच्या सूचनेवरून संशोधकांनी प्रकरणं हवी तर छापून द्यावीत असंही ठरलं. त्यावर विभागप्रमुख म्हणून सरांनी सही केली. विभागात बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोचली. पोरं टिंगल करतील अशी त्यांची तयारी होती. पण पोरांनी टिंगल केली नाही. ती नुसती जरा जास्त अदबीनं बोलायला लागली, आणि ते सरांना जास्त लागलं.

आठवड्याभरानं मोनिका त्यांच्या खोलीत आली. दार लोटून घेतलं, उभीच राहिली. सरांनी बस म्हटलं. ती बसली नाही.

“सर, मी गाईड बदलून मागते आहे. अर्ज द्यायच्या आधी तुम्हाला सांगावं म्हणून आले.”

सरांनी विचारलं, राग आहे का?

“नाय सर. तुम्ही सांगितलं तिथं, ते लई अवघड होतं, मला कळतं. पण आता तुमचा शेरा आला की मला आधी हे बघावं लागेल, की सरांनी खरंच काय बघितलं. दोन प्रकरणं राहिलीत. तेवढं नाय होणार माझ्याच्यानं.”

ती वाकून पाया पडली. सरांनी आशीर्वाद द्यायला हात वर केला, आणि तो तसाच टेबलावर ठेवला. तिच्या अर्जावर मूळ गाईडची हरकत नसल्याची सही लागते. ती त्यांनी तिथंच केली.

त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत प्रवर्तक, अखंड, पितृवत, सगळं जसंच्या तसं छापून आलं. बदल कळवायची तारीख उलटून गेली होती. मोनिका दहीहंडे आता सुदर्शन घोगरेंकडं आहे. घोगरे कागदावर वाचतात.